हॅलो डॉलीचे पाठभेद

‘हॅलो डॉली’ हे वर्डप्रेसचं पहिलं अधिकृत प्लगइन, आणि त्याचा व्यावहारिक उपयोग शून्य. ते सुरू केलं की साइट सांभाळणाऱ्याला प्रशासनाच्या पानांवर, वर उजव्या अंगाला, एका जुन्या गाण्याची एक ओळ दिसते. पान बदललं की ओळ बदलते. साइट वाचायला येणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. नवी साइट उभी केली की बहुतेक जाणती माणसं सोबत आलेलं हे प्लगइन न उघडताच पुसून टाकतात.

रसग्रहण कवितेचं होतं, बंदिशीचं होतं. जेमतेम शंभर ओळींच्या पीएचपी फाइलचं करायला घेतलं तर भुवया उंचावणारच. पण वीस वर्षांहून अधिक काळ टिकलेला, अनेक हातांनी सांभाळलेला आणि तरी एका बैठकीत वाचून होणारा मजकूर संगणकाच्या जगात फार थोडा आहे. एखादं मॉड्यूल लिहिणं वेगळं आणि ते वर्षानुवर्षं नांदतं ठेवणं वेगळं. हा फरक या फाइलमध्ये ओळींवर बोट ठेवून दाखवता येतो. माझ्या समोर आहे तो १.७.२ या आवृत्तीचा पाठ. जुने पाठ लागतील तिथे घेईन.

आधी थोडी पार्श्वभूमी. मॅट मलेनवेग आणि माइक लिटल यांनी ‘बी-टू’ नावाच्या जुन्या प्रणालीवरून वर्डप्रेस उभं केलं. पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी आली. वर्षभराने, मे २००४ मध्ये, १.२ आवृत्ती निघाली. वर्डप्रेसच्या मोठ्या आवृत्त्यांना जॅझ कलावंतांची नावं देण्याचा रिवाज आहे, त्यानुसार हिचं नाव ‘मिंगस’. प्लगइनची व्यवस्था या आवृत्तीत आली. त्याआधी साइटमध्ये काही वेगळं हवं असेल तर लोक मूळ फाइल उघडून अमुक ओळ काढा, तमुक घाला असे उपाय एकमेकांना सांगत. ‘माय-हॅक्स’ नावाची एक फाइलही होती; आपापले बदल तिच्यात कोंबायचे. पुढची आवृत्ती चढवली की मूळ फाइलींमधली सगळी कारागिरी वाहून जायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

गाणं त्याहून जुनं. जेरी हर्मन यांनी ते १९६४च्या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेसाठी लिहिलं आणि स्वरबद्ध केलं. त्याच वर्षी मे महिन्यात जॅझ गायक-वादक लुई आर्मस्ट्राँगच्या आवाजातली ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, तीही सलग चौदा आठवडे तिथे ठाण मांडून बसलेल्या बीटल्सना खाली खेचून. साठी उलटलेला ट्रंपेटवाला आणि त्याच्यापुढे चार तरुण पोरं! सॅक्सोफोन वाजवणाऱ्या मलेनवेगला हे गाणं सुचावं यात नवल नाही.

आता संहिता. फाइल उघडल्यावर पहिली भेट होते ती टिप्पणीशी. प्लगइनचं नाव, वर्णन, लेखक, आवृत्ती. पीएचपी ही भाषा टिप्पणी वाचतच नाही, सरळ ओलांडून पुढे जाते. वर्डप्रेस मात्र प्रत्येक प्लगइनच्या फाइलचा पहिला आठ किलोबाइटांचा मजकूर तपासतं, आणि त्यात ‘प्लगइन नेम’ ही ओळ सापडली तरच त्या फाइलला यादीत जागा देतं. सक्तीची आहे ती एवढी एकच ओळ. म्हणजे फाइलला प्लगइनपण येतं ते तिच्यातल्या न चालणाऱ्या भागामुळे. मला ही रचना फार आवडते. यंत्रासाठी लिहिण्याआधी लेखकाने माणसाला आपली ओळख द्यावी, असा दंडकच तिने घालून ठेवला आहे.

वर्णनाचा सूर गमतीदार आहे. हे साधं प्लगइन नव्हे, एका अख्ख्या पिढीची आशा आणि उत्साह यात दोन शब्दांत सामावले आहेत, असा आव आणून लेखक सुरू होतो आणि दुसऱ्याच वाक्यात सांगतो की वर कोपऱ्यात गाण्याची एक ओळ दिसेल. एवढा मोठा शंख फुंकून इतकीशी गोष्ट! उपहास आहे, पण खोटेपणा नाही. काय दिसेल, कुठे दिसेल, कधी दिसेल, हे त्या एका वाक्यात पूर्ण आलं आहे. पैसे मोजून करून घेतलेल्या कित्येक मॉड्यूलांच्या माथ्यावर इतकंही लिहिलेलं नसतं.

पुढे गाण्याच्या सगळ्या ओळी एकाच लांब अवतरणात येतात, आणि मग एक-एका ओळीची तीन कामं. ओळी सुट्या करणं, त्यांतली एक यदृच्छेने उचलणं, आणि ती वर्डप्रेसच्या ‘टेक्श्चराइज’ या क्रियेतून काढणं. या तिसऱ्या कामाची काही गरज नव्हती. ती क्रिया टंकलेखनातली सरळ अवतरणचिन्हं छापील पुस्तकासारखी बाकदार करते. काही क्षण दिसून जाणाऱ्या ओळीच्या लोपचिन्हाचीसुद्धा लेखकाला काळजी आहे. कोडवरच्या टिपा ‘इथे आपण ओळी वेगळ्या करू’, ‘जागेचं नंतर पाहू’ अशा शिकवणीच्या सुरातल्या. फाइल कामासाठी कमी आणि वाचण्यासाठी जास्त लिहिलेली आहे, हे तिथेच कळतं.

मग येते मधली ओळ, जिच्यासाठी हा सगळा प्रपंच. ‘ॲड_ॲक्शन’, आणि कंसात दोन शब्द: ‘ॲडमिन_नोटिसेस’ आणि ‘हॅलो_डॉली’. वर्डप्रेस पान तयार करताना ठरावीक ठिकाणी थांबून पुकारा करतं, की मी आता इथवर आलो आहे, कुणाला काही करायचं आहे का? या थांब्यांना हुक म्हणतात. हुक म्हणजे भिंतीत आधीच ठोकलेली खुंटी. तुम्ही तुमची पिशवी अडकवा, काढा, दुसरी लावा. भिंतीला नवं भोक पडत नाही. वर्डप्रेसची नवी आवृत्ती आली की मूळ फाइलींचे दोन मोठे फोल्डर नवे होतात, पण ‘प्लगइन्स’ फोल्डरातलं तुमचं काम जागच्या जागी राहतं. ‘कोअरला’, म्हणजे या मूळ फाइलींना, ‘हात लावायचा नाही’ हे या धंद्यातलं पहिलं पथ्य. ड्रुपलमध्ये प्लगइनला मॉड्यूल म्हणतात, जुमलामध्ये एक्स्टेन्शन, पण पथ्य तेच.

इथपर्यंतचा ऐवज मूळ लेखकाचा. मला अधिक रस आहे तो त्यानंतर चढलेल्या थरांमध्ये.

ओळ कुठे दिसावी, या एका प्रश्नाचे पाठभेद पाहा. जुन्या पाठात ती पानाच्या तळाच्या हुकला बांधलेली होती आणि सीएसएसने उचलून, वरून इतकी आणि बाजूने इतकी असं मोजमाप देऊन, माथ्यावर नेऊन ठेवलेली होती. चालत होतं, पण प्रशासनाच्या पानाची मांडणी जरा हलली की मोजमाप चुकणार. पुढच्या पाठात हुकच बदलला. ओळ आता सूचना दाखवायच्या जागी जन्म घेते आणि नुसती उजवीकडे सरकते. ‘जागेचं नंतर पाहू’ ही टीप मात्र अजून तशीच आहे.

दुसरा पाठभेद उजव्या-डाव्याचा. उर्दू किंवा अरबीत प्रशासन चालवणाऱ्याचं अख्खं पान आरशातल्यासारखं उलटं असतं. त्याच्या लेखी रिकामा कोपरा डावीकडे. आधीच्या पाठात पीएचपी साइटची लेखनदिशा विचारून ‘डावा’ की ‘उजवा’ हा शब्द ठरवत असे. मग त्यासाठी वर्डप्रेसची वेगळी छोटी क्रिया वापरली गेली. सध्याच्या पाठात पीएचपीला त्यात पडावंच लागत नाही. सीएसएसचा एक नियम पानावरची खूण पाहून बाजू बदलतो. तीन पाठ, आणि दर पाठात विचारणा कमी. पण यातली सर्वांत बारीक नजर वेगळ्याच ठिकाणी आहे. ओळीभोवती एक खूण घातली आहे, की हा मजकूर डावीकडून उजवीकडेच वाचायचा. चौकट डावीकडे जाते, आतलं इंग्रजी मात्र उलटं-सुलटं होत नाही. उर्दू पानात इंग्रजी वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम उडी मारून भलत्या टोकाला गेलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या खुणेची किंमत कळेल.

तिसरा थर मला सर्वांत प्रिय आहे. डोळ्यांनी न दिसणारा आणि फक्त स्क्रीन-रीडरने वाचून दाखवायचा असा एक तुकडा ओळीच्या आधी जोडलेला आहे: पुढची ओळ जेरी हर्मन यांच्या ‘हॅलो डॉली’ गाण्यातली आहे. कल्पना करा, दृष्टिहीन माणूस साइट सांभाळतो आहे आणि कामाच्या सूचना ऐकता ऐकता मध्येच कुणीतरी प्रेमळ आवाजात डॉलीला हाक मारतं. हा काय प्रकार, हे त्याला कळायला नको? गंमत अशी, की माथ्यावरच्या वर्णनात नाव आहे ते आर्मस्ट्राँगचं. ज्याने गाणं लिहिलं आणि बांधलं त्या हर्मनचं नाव पडद्यावर कुठेच येत नाही, येतं ते या अदृश्य तुकड्यात. डोळसांना गायक कळतो, अंधाला कर्ता.

याच ठिकाणी मराठी वापरकर्त्याचाही प्रवेश होतो, त्याच्या नकळत. वर्डप्रेसचं प्रशासन मराठीत चालवता येतं, आणि डिसेंबर २०१६च्या ४.७ आवृत्तीपासून प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःची भाषा निवडता येते. प्लगइन त्या भाषेची पहिली तीन अक्षरं तपासतं. ती इंग्रजीची नसतील, म्हणजे मराठीसाठी ‘एमआर’ असेल, तर गाण्याच्या ओळीवर ‘ही इंग्रजी आहे’ अशी खूण लावतं. त्यामुळे मराठी उच्चारांत वाचणारा स्क्रीन-रीडर त्या ओळीपुरता इंग्रजी उच्चारांवर जाऊ शकतो. हर्मनच्या नावाचा तुकडा भाषांतरासाठी मोकळा ठेवला आहे, गाणं मात्र मूळ भाषेत. काय भाषांतरित करायचं आणि काय नाही, हा निर्णय किती नेमका घेतला आहे!

बाकीचे थर भरभर पाहू. पडदा ७८२ पिक्सेलांहून अरुंद झाला की ओळ कोपरा सोडून साध्या परिच्छेदासारखी बसते, कारण प्रशासनाची मांडणीही त्याच मापावर मोबाइलची होते. ६ डिसेंबर २०१८ रोजी ५.० आवृत्तीबरोबर ब्लॉक एडिटर आला; तिथे लेखकासमोर कागद मोकळा हवा, म्हणून त्या पानावर ओळ स्वतःला लपवते. आणि एक बदल तर आशयातला. गाण्याच्या काही ओळी संगीतिकेच्या प्रसंगातून उचलून एकेकट्या पडद्यावर आणल्या की बाईला हिणवल्यासारख्या वाटतात, असा आक्षेप आला. पुढे त्या ओळी गेल्या आणि त्याच गाण्यातल्या दुसऱ्या आल्या. आक्षेप रास्त होता. यदृच्छेने ओळ उचलायची म्हणजे तिचं मागचं-पुढचं सोडून द्यायचं. मग प्रत्येक ओळ एकटी उभी राहू शकते का, हे पाहणं आलंच.

आता दोष. एक किरकोळ आहे. दोन क्रियांची नावं ‘हॅलो_डॉली’ने सुरू होतात आणि तिसरीचं नाव नुसतं ‘डॉली_सीएसएस’. पीएचपीत अशी सुटी नावं साऱ्या साइटची सामायिक असतात. दोघांनी एकच नाव ठेवलं की साइट कोसळते. शिकवणाऱ्या फाइलने तरी पूर्ण नाव लावायला हवं होतं.

दुसरा दोष मोठा आहे. दुसऱ्याच्या हुकला कसं बांधायचं हे शिकवणाऱ्या या प्लगइनने स्वतःचा एकही हुक ठेवलेला नाही. गाण्याच्या ओळी बाहेरून बदलता याव्यात म्हणून एक फिल्टर पुरला असता, एका ओळीचं काम. तो नाही. मग कुणाला आर्मस्ट्राँगऐवजी तुकोबांच्या ओळी हव्या असतील तर तो काय करतो? मूळ फाइल उघडतो आणि आत अभंग घालतो. प्लगइनचं अपडेट येतं, अभंग जातात, डॉली परत येते. शहाणा झालेला माणूस मग फाइलची प्रत काढतो, माथ्यावरचं नाव बदलतो, पण क्रियांची नावं बदलायला विसरतो. दोन्ही प्लगइन एकदम सुरू करायला गेलं की वर्डप्रेस सांगतं, गंभीर चूक झाली, हे सुरू करता येत नाही. क्रियांची नावंही बदलली, तरी फोल्डरचं नाव वर्डप्रेसच्या सार्वजनिक भांडारातल्या कुणाच्या तरी प्लगइनशी जुळलं, तर त्या परक्याचं अपडेट आपल्या प्लगइनवर येऊन बसू शकतं. यावर जुलै २०२१च्या ५.८ आवृत्तीत उपाय निघाला. माथ्यावरच्या टिप्पणीत ‘अपडेट यूआरआय’ अशी ओळ घालायची आणि आपला पत्ता किंवा सरळ ‘फॉल्स’ लिहायचं, म्हणजे भांडाराशी संबंध तुटतो. घरगुती मॉड्यूल जपण्याची अर्धी अधिक विद्या या एका साखळीत आहे.

फिल्टर हा ॲक्शनचाच भाऊ, पण स्वभावाने वेगळा. ॲक्शनमध्ये काहीतरी करायचं असतं. फिल्टरमध्ये हातात आलेली वस्तू बदलून परत द्यायची असते, आणि द्यायला विसरलं की जागा रिकामी. मराठी साइटवाल्यांना हा फरक ज्या कामात हमखास भेटतो ते काम म्हणजे तारखेचे आकडे देवनागरीत करणं. साइटची भाषा मराठी केली की महिन्याचं नाव मराठी होतं, आकडे तसेच राहतात. मग कुणीतरी दहा ओळींचं प्लगइन लिहून देतं: ‘गेट_द_डेट’ या फिल्टरला बांधायचं, शून्य ते नऊ बदलायचे, परत द्यायचं. तारीख सुरेख दिसते. पण अनेक थीम हीच क्रिया दोनदा वापरतात, एकदा वाचकासाठी आणि एकदा पानाच्या पोटातल्या यंत्राने वाचायच्या तारखेसाठी. तिथलेही आकडे देवनागरी होतात आणि ती तारीख शोधयंत्रांच्या लेखी तारीखच उरत नाही. पडद्यावर काहीच बिघडलेलं नसल्याने हे महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

इलाज ‘ॲड_फिल्टर’च्या शेवटच्या दोन आकड्यांत आहे. न लिहिल्यास ते दहा आणि एक धरले जातात. दहा म्हणजे रांगेतला क्रम, एक म्हणजे किती गोष्टी हातात हव्यात. एकच मागितली तर फक्त तयार तारीख मिळते. तीन मागितल्या तर ती कोणत्या नमुन्यात मागितली होती आणि कोणत्या लेखाची आहे, हेही कळतं. मग यंत्राचा नमुना दिसला की आकडे न बदलता तारीख तशीच परत द्यायची. हॅलो डॉलीत हे दोन्ही आकडे कुठेच नाहीत, कारण तिला कुणाकडून काही घ्यायचंच नाही. पहिला धडा म्हणून हे ठीक. दुसरा धडा शिकवायला मात्र तिच्याकडे काही नाही.

तरीही डॉली टिकली, आणि का टिकली हे तिच्यात काय नाही यावरून कळतं. तिचं सेटिंगचं पान नाही. डेटाबेसमध्ये तिची एकही नोंद नाही, त्यामुळे काढून टाकली की मागे काही उरत नाही. डेटाबेसशी बोलणाऱ्या ‘मायएसक्यूएल’च्या जुन्या थेट क्रिया पीएचपी ७.० मध्ये, डिसेंबर २०१५ला गेल्या. ‘क्रिएट_फंक्शन’ नोव्हेंबर २०२०च्या ८.० मध्ये गेलं. होस्टिंगवाल्याने पीएचपी वर चढवलं आणि त्या दिवशी कुणी तरी पाच वर्षांपूर्वी लिहून दिलेलं प्लगइन साइट घेऊन बसलं, अशा कहाण्या या धंद्यात पावलोपावली ऐकू येतात. मे २०१९च्या ५.२ आवृत्तीपासून निदान प्रशासकाला ईमेल येतो आणि बिघडलेलं प्लगइन बाजूला ठेवून आत शिरता येतं. डॉलीवर ही वेळ आली नाही, कारण भाषेतले अगदी जुने, साधे शब्द सोडून तिने काही वापरलेलं नाही.

प्लगइन म्हणून ‘हॅलो डॉली’ला मी मध्यम गुण देईन, कारण जो हुक हवा होता तो नाही, आणि सीएसएस दर पानाच्या माथ्यावर थेट छापण्याची तिची रीत आज कुणी गिरवू नये. वाचनाचा मजकूर म्हणून तिला तोड नाही. तुमच्या संस्थेच्या, मासिकाच्या किंवा दुकानाच्या साइटवर कुणी खास लिहून दिलेलं प्लगइन असेल तर या आठवड्यात त्याची मुख्य फाइल उघडा आणि माथ्यावरची टिप्पणी वाचा. काम काय, लेखक कोण, आवृत्ती कोणती, अपडेट यूआरआय आहे का. यातलं जे नसेल ते लिहिणाऱ्याचा फोन नंबर अजून चालू आहे तोवर विचारून घ्या.